मागचा दिवा

गळीत हंगाम सुरू झाला, की सातारा व सांगली जिल्ह्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. कराड, पलूस, वाळवा या तालुक्यांत उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर कारखान्यांकडे सरकत असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस आणि पाठीमागे पुष्कळदा ना तांबडा दिवा, ना परावर्तक. अशा ट्रॉलीवर आदळून दुचाकीस्वार दगावल्याचे वृत्त आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

ट्रॅक्टरचा पुढचा दिवा बिघडला, तर तो लगेच दुरुस्त होतो. ट्रॉलीचा मागचा मात्र हंगामभर तसाच का राहतो? पुढच्या दिव्याने चालकाची स्वतःची वाट उजळते. मागचा त्याला दिसतही नाही. तो सर्वस्वी दुसऱ्यासाठी असतो, ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही अशा माणसासाठी. आमच्या मते नीतीची कसोटी येथेच लागते.

कायद्याची उणीव नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे, दिवे व परावर्तक सक्तीचे करणारे १९८९ चे नियम आहेत, २०१९ च्या दुरुस्तीने दंडही वाढले. तरीही २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. पोलीस दिसेल तेवढ्यापुरताच पाळला जाणारा कायदा पुढच्या वळणावर संपतो.

मग दोष एकट्या चालकाचा काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याला खेपेवर पैसे मिळतात. तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो, म्हणून शेतकऱ्यालाही घाई असते. वाहतुकीचा करार कारखाना करतो आणि साखर आपल्या चहात पडते. परंतु जबाबदारी अनेकांत वाटली, म्हणून ती कोणाचीच कमी होत नाही.

प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. मागे दिवा व परावर्तक नसेल, तर ते बसवल्याशिवाय गाडी पुढील खेपेस सोडायची नाही, एवढा नियम तेथे कसोशीने पाळला, तर रस्तोरस्ती पोलीस उभे करण्याची गरज पुष्कळ कमी होईल. हंगाम खोळंबेल, असे कोणी म्हणेल. एका परावर्तकाला किती वेळ लागतो, हे त्यांनीच सांगावे.

अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आणि जगभर अशा माणसाला शुभवर्तमानातील दयाळू शमरोन्याच्या नावाने ओळखतात. जखमीसाठी थांबणे हे शेजारधर्माचे मोठे कृत्य खरेच. पण तो जखमी होऊ नये म्हणून आधीच दिवा लावणे, हाही शेजारधर्मच नव्हे काय? त्यासाठी कोणी आभार मानणार नाही. कारण वाचलेल्या माणसाला आपण वाचलो, हे कळणारही नाही. आपल्यापैकी जे कारखान्याला ऊस घालतात, त्यांनी या हंगामात आपल्या ट्रॉलीच्या मागे जाऊन एकदा पाहावे.