पगारवाढ कीं पगाराची राखण?

वर्षांतून दोन वेळां, जानेवारीपासून आणि जुलैपासून, केंद्र सरकारच्या नोकरांचा महागाई-भत्ता नव्यानें ठरतो, आणि त्याची वार्ता वर्तमानपत्रांत 'नोकरांना भेट' अशा थाटाच्या मथळ्याखालीं छापली जाते. हा 'भेट' शब्द आम्हांस फार दिवस खटकत आला आहे. जी वस्तु आपली नव्हती ती मिळाली तर ती भेट खरी. पण जी आपलीच होती आणि नकळत झिजत गेली ती कोणीं भरून दिली, तर तिला काय म्हणावें? सांगली आणि मिरज यांच्या शेजारीं असलेल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत हा प्रश्न दिल्लीच्या कचेऱ्यांहून अधिक तीव्रतेनें उभा राहतो. तेथें ओतकामाच्या भट्टीपाशीं उभा असणाऱ्या माणसाच्या झिजेची वार्ता कोणी छापीत नाहीं.

जुन्या गांवगाड्यांत हा प्रश्न या स्वरूपांत उठत नसे. सुतार, लोहार, कुंभार, परीट यांचें बलुतें खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. ज्वारी महाग झाली म्हणून सुताराच्या वांट्याचें धान्य कमी होत नसे. पाऊस हुकला तर कुणब्याबरोबर तोही उपाशी राही; म्हणजे पिकाचा धोका त्याच्या माथीं होता, भावाचा नव्हता. त्या व्यवस्थेंतील जातीचें जोखड, आणि अस्पृश्य मानलेल्यांस वांट्याबरोबर सोसावी लागणारी अवहेलना, यांचा आम्हांस विसर पडलेला नाहीं. तिचें पुनरुज्जीवन व्हावें असें म्हणणारा मनुष्य आमच्या मतें शुद्धीवर नाहीं. परंतु एवढें खरें कीं, श्रमाचा मोबदला पोटास लागणाऱ्या वस्तूंत मोजला जात होता, आणि रोख वेतनाचा काळ आल्यावर तो अशा मापानें मोजला जाऊं लागला कीं जें माप स्वतःच आंखूड होत जातें.

हिशेब साधा आहे. एखाद्या कामगारास महिना १५,००० रुपये ठरले, आणि किंमती वर्षाला शेंकडा ६ या मानानें वाढत राहिल्या, तर पांच वर्षांनंतर त्याच १५,००० रुपयांत पूर्वीच्या सुमारें ११,२०० रुपयांचा माल येतो. त्याचें काम तेवढेंच, किंबहुना हात बसल्यामुळें अधिक चांगलें. ठरलेला आंकडाही तोच. आणि तरी त्याच्या घरांत येणारें तेल, डाळ आणि मुलांची पुस्तकें चौथ्या हिश्शानें कमी झालीं. मालकानें त्याचा एक पैसाही कापलेला नसतो, आणि म्हणूनच मालकाचें मन स्वच्छ असतें. सांगलीच्या हळदीच्या पेठेंत कांट्यांत खोट निघाली तर 'मीं वजनास हात लावला नाहीं' एवढें सांगून कोणासही सुटतां येणार नाहीं. तूट भरून द्यावीच लागेल. नोकरीच्या करारांत दोघांच्याही मनांत आंकडा नसतो, त्या आंकड्यानें चालणारा संसार असतो. आंकडा राखून संसार खचूं दिला तर करार पाळला असें आम्हांस म्हणवत नाहीं.

म्हणून नोकर महागाईच्या मानानें वाढीस 'पात्र' आहे काय, हा प्रश्नच आम्हांस वांकडा वाटतो. पात्रता हा शब्द गुणवृद्धीस, बढतीस, बक्षिसास शोभतो. झीज भरून काढण्यास पात्रतेची परीक्षा कशाला? आळशी नोकरास काढून टाकण्याचा मार्ग निराळा आहे. त्यास ठेवावयाचें आणि दरवर्षी थोडें थोडें कमी द्यावयाचें, ही शिक्षा नव्हे, ही चोरटी कपात आहे.

या मागणीस आपल्या देशांत शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. अहमदाबादच्या गिरणीमालकांनीं प्लेगच्या दिवसांत सुरू केलेला बोनस १९१८ सालीं बंद केला, तेव्हां महागाईनें गांजलेल्या कामगारांनीं शेंकडा ५० वाढ मागितली. मालक २० वर अडून बसले. गांधीजींनीं दोन्ही बाजूंचा हिशेब पाहून ३५ हा आंकडा ठरविला, कामगारांस तो मान्य करावयास लाविलें, आणि मग त्यासाठीं उपोषणही केलें. अखेरीस लवाद आनंदशंकर ध्रुव यांनीं ३५ च दिले. या प्रकरणांत लोकांस उपोषण आठवतें. आम्हांस त्याआधींचा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. आपल्याच पक्षाची मागणी ५० वरून ३५ वर आणणारा पुढारी दुर्मिळ. मुंबईंत १९१९ च्या जानेवारींत गिरण्या बंद पडल्या त्या महागाईमुळेंच. दुसरें महायुद्ध सुरू होतांच भाव पुन्हां चढले, आणि १९४० च्या मार्चमध्यें तेथील गिरणी-कामगारांनीं महागाई-भत्त्यासाठीं सुमारें चाळीस दिवस संप केला. पुढें हा भत्ता निर्वाह-खर्चाच्या निर्देशांकाशीं जोडला गेला, आणि जें संपानें मागावें लागे तें गणितानें मिळूं लागलें.

तथापि हें गणित सर्वांच्या दाराशीं पोंचत नाहीं. महाराष्ट्रांत किमान वेतनावरील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनीं बदलतो. तेव्हां कुपवाडच्या अगदीं खालच्या पायरीवरील मजुरास, निदान कागदावर, कांहीं संरक्षण आहे. पण त्याच कारखान्यांतला जुना मोल्डर घ्या. त्याचा पगार किमानाहून वर असल्यामुळें भत्ता वाढला तरी मालकानें त्यास कांहीं देण्याची कायद्यानें सक्ति नाहीं. वर्षें जातात, किमान वेतन चढत चढत त्याच्या पगारास येऊन भिडतें, आणि एके दिवशीं वीस वर्षें सांचा भरणारा कारागीर व काल आलेला मजूर एकाच आंकड्यावर सही करतात. त्याचें कसब कोणीं नाकारलें नाहीं; तें केवळ महागाईनें पुसून टाकलें.

यावर कारखानदाराचें उत्तर असतें, आणि तें पोकळ नसतें. लहान ओतकारखाना कोणा मोठ्या कंपनीसाठीं सुटे भाग करतो; दर ठरवितो तो मोठा गिऱ्हाईक. 'आम्हांलाच वाढवून मिळत नाहीं, तर आम्ही कोठून द्यावें?' हें म्हणणें आम्हीं आदरानें ऐकलें पाहिजे. परंतु याच धंद्यांत एक प्रथा आहे, ती फार बोलकी आहे. कच्चें लोखंड किंवा भंगार यांचा भाव चढला कीं त्या मानानें सुट्या भागाचा दर वाढवून द्यावा, असें कलम पुष्कळ करारांत असतें. म्हणजे महागाई ही वस्तु गिऱ्हाइकास मान्य आहे! लोखंडाची महागाई खरी. तें लोखंड वितळविणाऱ्या माणसाच्या भाकरीची मात्र घासाघिशीची बाब. लहान कारखानदारांनीं संघटितपणें मजुरीच्या महागाईचेंही कलम मागावें, आणि मोठ्या कंपन्यांनीं तें द्यावें, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. कामगाराचें देणें त्याच्या दारांत उभ्या असलेल्या मालकाकडेच नेहमीं निघतें असें नाहीं.

खरी अडचण असेल तेव्हां काय? २०२० च्या साथींत केंद्र सरकारनें १ जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठविले. जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून २८ टक्के केला. मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मात्र दिली नाहीं. ज्या महिन्यांत कारखान्यांचे दरवाजे बंद होते आणि मजूर पायीं गांवाकडे निघाले होते, त्या महिन्यांत सुरक्षित नोकरांनीं थांबावें यांत आम्हांस अन्याय दिसत नाहीं. पण थांबविणें निराळें आणि बुडविणें निराळें. कारखानदारासही हाच न्याय लावावा: अडचणीच्या वर्षीं हिशेबाची वही उघडी करून मुदत मागावी, बरें वर्ष आल्यावर ती वही मिटूं नये.

पगार वाढविल्यानें महागाई वाढते, हा आक्षेप विद्वानांचा आवडता आहे. १९७४ सालीं, घाऊक किंमती वर्षांत सुमारें चौथ्या हिश्शानें चढल्या असतां, सरकारनें कायदा करून वाढीव महागाई-भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवींत अडकवून ठेवला होता. युक्तिवादांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु भत्ता हा भावाच्या मागून, सहा सहा महिन्यांनीं येतो. मागून येणाऱ्यास पुढें पळणाऱ्याचा दोष किती द्यावा? शिवाय तेव्हां पैसे अडकविले होते, परत द्यावयाचे होते. वरच्या पगारांविषयीं मात्र आम्ही इतके उदार नाहीं. १९८६ च्या चौथ्या वेतन आयोगानें ३,५०० रुपयांपर्यंतच्या मूळ पगारास पूर्ण, त्यावर ६,००० पर्यंत शेंकडा ७५ आणि त्याहून वर ६५ अशी भरपाई सुचविली होती. पांचव्या आयोगानें ती सर्वांस सरसकट पूर्ण केली. जुनी रीत आम्हांस अधिक न्यायाची वाटते. सचिवाच्या घरची काटकसर आणि शिपायाच्या घरची उपासमार यांस एकच नांव देतां येत नाहीं. निर्देशांकाचेंही तसेंच. २००१ च्या मालिकेंत अन्नपेयांचें वजन शेंकडा ४६.२ होतें, तें २०१६ च्या मालिकेंत ३९.१७ झालें. सरासरी कुटुंब सुधारलें असेल; पण ज्याची निम्मी मिळकत चुलीपाशीं संपते, त्याची महागाई त्या आंकड्याहून मोठी असते.

आतां आमच्या वाचकांकडे वळतों. त्यांच्यांत सरकारी नोकर, शिक्षक, बँकांतले कारकून पुष्कळ. भत्त्याच्या हप्त्याची वाट पाहणारीं हीं घरें. याच घरांत धुणें-भांडीं करणाऱ्या बाईस तीन वर्षांमागें जे रुपये ठरले तेच चालतात, आणि तिनें दोनशें वाढवून मागितले कीं 'आजकाल या बायका फार मागतात' हें वाक्य ऐकूं येतें. तिला निर्देशांक नाहीं, आयोग नाहीं, संप करण्याजोगी दुसरी बाई शेजारीं नाहीं. आपला भत्ता जितके टक्के वाढेल तितके टक्के, त्याच महिन्यापासून, न मागतां तिच्या पगारांत घालावे, एवढा हिशेब घरच्या वहींत करणें कोणासही कठीण नाहीं. त्यासाठीं दिल्लीहून परिपत्रक येण्याची गरज नाहीं.