शिजणे आणि मुरणे

वेळ वाचवणे हे आपल्या काळाचे मोठे पुण्य होऊन बसले आहे. पूर्वी माणूस पैसा वाचवी, धान्य वाचवी, दिव्यातले तेल वाचवी. आता तो सर्वांत आधी वेळ वाचवतो आणि वाचवला की समाधानाने हात झाडतो. तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला आणि तो वाचवताना हातचे काय गेले, हे सहसा कोणी विचारत नाही. याच्या अगदी उलट बोलणारीही मंडळी आहेत. त्यांना चुलीवरच्या आमटीची, मातीच्या गाडग्यातल्या दह्याची आठवण झाली की गहिवरून येते. जुने ते सगळे सावकाश होते म्हणून चांगले होते, असे ते सांगतात. ही दोन्ही बोलणी मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि दोन्हींत मला काहीतरी खटकत आले आहे. काय खटकते, हे मला नीट कळले ते एका परदेशी रश्शामुळे.

नाशिक रोडला आमच्या शेजारी वसईकडचे एक ख्रिस्ती कुटुंब राहते. घरात म्हातारी आई, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे. जगातल्या जहाजांवर फिलिपिन्सची माणसे फार. त्याच्या जहाजाचा आचारीही तिकडचाच. त्याच्या हातचा एक आंबट रस्सा खाऊन खाऊन याला त्याची चटक लागली. त्या रश्शाचे नाव सिनिगांग. डुकराच्या बरगड्यांचे तुकडे पाण्यात कांदा-टोमॅटो घालून मऊ होईपर्यंत शिजवायचे, त्यात चिंचेचा कोळ घालायचा आणि मग एकेक भाजी सोडायची. मसाला असा नाहीच. तिखटपणाला दोन लांब हिरव्या मिरच्या आणि मिठाच्या जागी मासळी खारवून काढलेले पाणी. बाहेर पाऊस पडत असावा, समोर गरम भात असावा आणि त्यावर हा रस्सा ओतून घ्यावा, असे तिकडच्या लोकांना वाटते. आपल्याला कढत सार प्यावेसे वाटते, त्यातलाच हा प्रकार.

रजेवर आला असताना त्याने घरी सिनिगांग करायचे ठरवले. मला गंमत वाटली ती त्याच्या पिशवीची. मुळा, वांगी, चवळीच्या कोवळ्या शेंगा, रस्सा दाट व्हायला अळकुड्या आणि पाण्यात वाढणारी नाळीची भाजी. नाळी मिळायला थोडे फिरावे लागले असेल. बाकी सगळे गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात कोणाही बाईच्या पिशवीत दिसावे असे. सातासमुद्रापलीकडचा पदार्थ, आणि त्यातले एक मांस सोडले तर जिन्नस सारे आपल्या ओळखीचे. मांस त्याने देवळाली कॅम्पातून आणले होते. आमच्या घरी डुकराचे मांस कधी शिजले नाही. शेजारी मात्र मी ते आवडीने खाल्ले आहे.

वाद पेटला तो भांड्यावरून. जहाजावरचा आचारी हा रस्सा मोठ्या पातेल्यात दीड-दोन तास ठेवतो. मुलाने ओट्यावर कुकर काढला. म्हातारीने ते पाहिले आणि ती म्हणाली, "कुकरात डुकर? आंबट कधी घाईने होते का रे?" तिच्या हातचे विंदालू आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. ती मांसाला व्हिनेगर, लसूण आणि मिरची चोळून रात्रभर ठेवते, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर शिजवते आणि वाढते तिसऱ्या दिवशी. तोवर कोणाला हात लावू देत नाही. मुलगा म्हणाला, "आई, मांस मऊ होण्याशी कारण. ते वीस मिनिटांत झाले तर काय बिघडले?" म्हातारीने माझ्याकडे पाहिले. "तूच सांग, बाय."

मी काही सांगण्याआधी सून बोलली. ती इस्पितळात परिचारिका आहे आणि त्या दिवशी रात्रपाळी करून आली होती. ती म्हणाली, "आईंचे खरे आहे. पण दोन तास चुलीपाशी उभे कोणी राहायचे, तेही एकदा ठरवा." यावर कोणीच काही बोलले नाही.

मला वाटते, या प्रश्नाची सुरुवात तिच्या त्या वाक्यापासून केली पाहिजे. सावकाश शिजलेल्या अन्नाची थोरवी आजवर ज्यांनी गायली, ते बहुतेक पाटावर बसलेले होते. चुलीपुढे बसलेली बाई त्या गाण्यात सामील झालेली फारशी ऐकू येत नाही. माझी आजी पहाटे चारला उठून चूल पेटवी. गोवऱ्या ओल्या असल्या की फुंकून फुंकून तिचे डोळे लाल होत. पुढे ते कायमचेच पाणावलेले राहिले. तिच्या आमटीला चव होती, यात शंका नाही. पण त्या चवीची किंमत तिच्या डोळ्यांनी दिली होती, आणि ती चव आठवून उसासे टाकणाऱ्यांनी तो हिशेब कधी मांडला नाही. दुसऱ्याच्या वेळावर आपली चव पिकवणे आणि त्याला परंपरा म्हणणे, यात थोडा अन्याय आहे.

म्हणून कुकरला नावे ठेवणे मला जमत नाही. या भांड्याचा मूळ पुरुष दनी पापँ नावाचा एक फ्रेंच. त्याने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचे एक भांडे करून दाखवले. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाब वाढला की पाणी अधिक उष्णतेला उकळते, एवढेच त्यातले मर्म. भांडे फुटू नये म्हणून त्याने वाफ सोडणारी झडपही बसवली. १६८२ साली रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने आपल्या भांड्यांत शिजवलेले जेवण वाढले. हाडेसुद्धा मऊ झाली होती, असे जॉन इव्हेलिनने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. आपल्याकडे दाबाच्या कुकरचे कारखाने १९५९ च्या सुमारास निघाले आणि पुढच्या काही वर्षांत मध्यमवर्गाच्या ओट्यावर ही शिट्टी ऐकू येऊ लागली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यातले पाणी साधारण अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. कुकरात ते एकशेवीसच्या आसपास जाते. तेवढ्या बावीस अंशांच्या फरकाने तुरीची डाळ दहा मिनिटांत बोटचेपी होते. मी सकाळच्या शाळेची बाई, बालवर्गाला शिकवते. मी जे काही लिहिले, ते या बावीस अंशांच्या कृपेने मिळालेल्या वेळात लिहिले. ते उपकार मी विसरू शकत नाही.

पण म्हातारीचे म्हणणेही वाऱ्यावर सोडून देण्यासारखे नाही. तिला जे सांगायचे होते त्याला आपल्या भाषेत एक चांगला शब्द आहे: मुरणे. शिजणे वेगळे आणि मुरणे वेगळे. शिजणे हे विस्तवाचे काम. विस्तव वाढवला, वाफ कोंडली की ते लवकर होते. मुरणे मात्र कोणत्याही दाबाने लवकर होत नाही. लोणच्याला घाई केली तर ते मुरत नाही. व्हिनेगर मांसाच्या आत जायला रात्र लागते ती लागतेच. माणसाबद्दलही आपण म्हणतो, की तो त्या कामात मुरलेला आहे. 'शिजलेला' असे कोणी म्हणत नाही.

आणि आंबटाची तर गोष्टच निराळी. डाळीत चिंच आधी घातली तर डाळ शिजता शिजत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. आंबट पाण्यात डाळीचे आणि भाज्यांचे पापुद्रे सैल व्हायला फार वेळ घेतात. म्हणून चिंच-गुळाच्या आमटीत चिंच मागाहून पडते. शिवाय चिंचेला माप नाही. एक बुटूक गोडसर निघते, दुसरे दात आंबवते. नवी चिंच आणि गेल्या सालची चिंच यांत सख्य नाही. किती कोळ घालायचा हे पुस्तक सांगू शकत नाही, ते जिभेलाच ठरवावे लागते. कुकरचे झाकण लागले की जीभ बाहेर राहते. आत काय चालले आहे ते पाहता येत नाही, ढवळता येत नाही, चाखता येत नाही. नुसत्या शिट्ट्या मोजायच्या. हे भांडे आपला वेळ वाचवते, पण तेवढ्या वेळापुरते आपल्याला अन्नापासून दूर ठेवते. दूर ठेवले तरी चालेल असे काम कोणते आणि ज्यात आपण हजर असायलाच हवे असे काम कोणते, एवढा विवेक उरला पाहिजे.

शेवटी त्या घरात झाले ते असेच. बरगड्या, कांदा, टोमॅटो आणि अळकुड्या कुकरात गेल्या. तेवढ्या वेळात सून आत जाऊन पाठ टेकून आली. वाफ जिरायला लागली तेव्हा नातवंडांनी ओट्याभोवती गर्दी केली. शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही! झाकण उघडल्यावर मात्र म्हातारी उठली. तिने चिंचेचा कोळ पळीपळीने घातला, दर वेळी चाखला. मुलगा सांगत गेला त्या क्रमाने तिने मुळा, शेंगा, वांगी सोडली, आणि नाळीची पाने अगदी शेवटी. हा पदार्थ तिने जन्मात केला नव्हता, पण आंबट कोठे थांबवायचे हे तिला विचारावे लागले नाही. ते तिच्या हातात मुरलेले होते.

कोणी म्हणेल, कुकर वापरल्यावर तो पदार्थ पारंपरिक कसला राहिला? मला या शब्दाची फारशी भीती वाटत नाही. ज्या चिंचेवर हा सगळा खेळ चालतो ती मूळची आफ्रिकेतली. आपल्याकडे ती इतकी रुळली, की अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटले आणि त्या नावाने ती जगभर गेली. टोमॅटो आणि मिरची अमेरिकेतल्या. मनिला आणि मेक्सिको यांच्यामध्ये १५६५ पासून १८१५ पर्यंत स्पॅनिश जहाजे ये-जा करीत होती. त्या वाटेने तिकडची कितीतरी पिके फिलिपिन्सला पोचली. म्हातारीचे विंदालू तरी कोठले? पोर्तुगिजांच्या दारू-लसणात मुरवलेल्या मांसाचे ते नाव, गोव्यात आणि वसईत व्हिनेगर-मिरचीचे होऊन बसलेले. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, पोर्तुगीज गेले. त्यांचा पदार्थ मात्र मुक्कामाला राहिला. तिकडच्या बेटांवरही चिंच नसली तर कैरी घालतात, पेरू घालतात, बिलिंबी घालतात. रस्सा आंबट झाला की तो सिनिगांग. आपल्या कोकणात आमसूल, कैरी, बिलिंबी यांचा असाच उपयोग होतो. जी गोष्ट आज जुनी वाटते ती एके दिवशी परकी पाहुणी म्हणून आली होती, आणि घराने तिला मुरायला अवधी दिला. कुकरलाही तो मिळेल. किंबहुना मिळालाच आहे.

भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. शिजवण्याची घाई आपण मुरण्याच्या जागी नेऊन बसवतो. माझ्या वर्गात चार वर्षांची मुले येतात. त्यांच्या बोटांची हाडे अजून कोवळी असतात, पेन्सिल नीट धरता येत नाही. मातीत खेळावे, कागद फाडावा, मणी ओवावे, असे ते वय. पण आईबाप विचारतात, "बाई, अजून अक्षरे कशी काढत नाही?" दाब दिला की मूल अक्षरे काढते. ओळीच्या ओळी काढते. पुढे तिसरीत गेल्यावर त्याच मुलाला गोष्टीचे पुस्तक दिले तर ते दूर सारते. अक्षर शिजले होते, मुरले नव्हते. झाकण लावून आपण शिट्ट्या मोजत बसलो आणि आत डोकावलो नाही.

आणि एक प्रश्न राहतोच: वाचलेला वेळ कोणाचा? कुकरने बाईचा तास वाचवला, पण घराने तो लगेच मागून घेतला. पूर्वी एक भाजी पुरत असे, आता दोन लागतात. डबे वाढले, मुलांचा अभ्यास घ्यायचा आला. पोळ्या मात्र पूर्वीइतक्याच लाटाव्या लागतात. यंत्राने दिलेला वेळ ज्याचे श्रम वाचले त्याच्याच हाती राहील, अशी कोणतीही झडप कुणी अजून बसवलेली नाही. ते काम यंत्राचे नाही, घरातल्या माणसांचे आहे. त्या दिवशी सून अर्धा तास पाठ टेकून आली आणि तिला कोणी हाक मारली नाही, ही त्या स्वयंपाकातली मला सर्वांत चांगली वाटलेली गोष्ट.

तेव्हा चुलीच्या बाजूने आणि कुकरच्या बाजूने भांडणाऱ्या दोन्ही मंडळींना मी एवढेच विचारीन, की तुम्ही कोणत्या वेळाबद्दल बोलता? विस्तवाचा वेळ जितका वाचेल तितका वाचवावा; त्यात काही पवित्र नाही, आणि तो बहुधा दुसऱ्याच्याच अंगावर पडलेला असतो. मात्र चाखण्याचा, वाट पाहण्याचा, मुरू देण्याचा वेळ वाचवू नये. तो वाचवला तर वाचलेल्या वेळाचे करायचे काय, हेच आपल्याला कळेनासे होईल. दिवाळीच्या दिवसांत प्रत्येक घरात पाक होतात, चकल्यांची भाजणी दळली जाते, चिवडा परतला जातो. त्यात भाजणे-दळणे यंत्राने झाले तरी बिघडत नाही. पाक एकतारी झाला की नाही हे पाहायला मात्र कोणाला तरी दोन बोटांत थेंब धरून उभे राहावे लागते. ते उभे राहणे घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावे, इतकेच माझे मागणे आहे.