मधल्या पाच दिवसांचे ऋण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, 'श्री' लिहिली जाते, पेढे वाटले जातात. आणि जुनी वही फडक्यात बांधून मुकाट्याने माळ्यावर जाते. मान नवीचा, पण मालकाची झोप मात्र जुनीच्या जिवावर असते. उद्या कोणी येऊन 'माझे देणे केव्हाच फिटले' म्हणाला, तर माळ्यावरचे तेच गाठोडे खाली काढावे लागते. माणसाच्या स्मरणाला वाळवी लागते हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी लिहून ठेवले, आणि लिहिलेल्याला वाळवी लागते म्हणून त्याची दुसरी प्रत ठेवली.

आता वह्या जाऊन डेटाबेस आला आणि माळ्याची जागा बॅकअपने घेतली. शब्द परके वाटले तरी व्यवहार ओळखीचा आहे. जुन्या हिशेबात दोन वह्या असत. जे जसे घडेल ते त्याच क्रमाने लिहावयाची ती रोजकीर्द. आणि तेच नावानावाने लावून ठेवावयाची ती खतावणी. खतावणी जळाली तरी जुनी प्रत आणि त्यानंतरची रोजकीर्द हाताशी असेल, तर ओळीमागून ओळ चढवीत खतावणी पुन्हा उभी करता येते. सर्व्हरही नेमके हेच करतो. तो प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत नोंदवतो, मग खात्यात चढवतो. अपघात झालाच, तर शेवटची निर्दोष प्रत घ्यावयाची, तिच्यावर रोजकीर्द चढवावयाची आणि हव्या त्या क्षणापाशी थांबावयाचे. युक्ती सुरेख आहे. तिच्यात एकच अट आहे: दोन्ही वह्या एका पेटीत ठेवू नयेत.

आमच्या वाढवणच्या किनाऱ्याजवळच्या एका शाळेत त्या एकाच पेटीत होत्या. ही किनारपट्टी म्हणजे खारा वारा, पावसाळ्यात घटकेघटकेला जाणारी वीज आणि गंजाला न सोडणारे एकही लोखंड नाही, अशी. एका आषाढात भर कामात वीज गेली. नोंद अर्धी लिहिली असतानाच कोणी हातातली लेखणी हिसकावून घ्यावी, तसे सर्व्हरचे झाले. गंमत अशी, की त्या दिवशी कोणाला काही कळलेच नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले, नावे दिसू लागली, कामही चालू राहिले. बिघाड आतल्या काही पानांना झाला होता आणि तो बोलत नव्हता. रोज रात्री बॅकअप निघत होता. म्हणजे बिघडलेल्या पानांचीही इमानेइतबारे नक्कल होत होती. शुक्रवारी दहावीच्या वर्गाची यादी उघडेना, तेव्हा वाणगावहून एका तरुण तंत्रज्ञाला बोलावले.

पोरगा शहाणा होता. आल्या आल्या त्याने दुरुस्तीला हात घातला नाही. बिघडलेला डेटाबेस आहे तसा बाजूला काढून ठेवला. कारण घाईने केलेली दुरुस्ती पुष्कळदा उरलेसुरलेही पुसून टाकते. मग त्याने एकेक जुनी प्रत वेगळ्या यंत्रावर उभी करून तपासली. गुरुवारची सदोष, बुधवारची सदोष, मंगळवारची, सोमवारचीही तीच कथा. रविवारची निर्दोष निघाली. रोजकीर्द त्याच डिस्कवर असल्यामुळे तीही वाचेना. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, रविवारपर्यंतची शाळा परत आणून देतो. पुढचे पाच दिवस मात्र तुमचे तुम्ही बघा."

ते वाक्य ऐकले तेव्हा मला ते तंत्रज्ञाचे वाटले. आज ते मला नीतिशास्त्राचे वाटते.

कारण रविवारची शाळा परत आली ती केवळ आपल्या सत्यासह नव्हे, तर आपल्या चुकांसहही. एका वारली मुलीच्या वडिलांचे नाव रजिस्टरात चुकीचे पडले होते. त्यांनी एक दिवसाची मजुरी बुडवून, अर्ज देऊन, मंगळवारी ते दुरुस्त करून घेतले होते. आता जुनी चूक पुन्हा जिवंत होऊन जागेवर बसली. दाखला घेऊन गेलेला एक मुलगा पुन्हा वर्गात हजर झाला. बॅकअप खोटे बोलत नाही. पण तो कालचे बोलतो, आणि कालचे खरे आज खोटे असू शकते. 'पूर्ववत झाले' असे म्हणून आपण सुस्कारा सोडतो, तेव्हा पूर्वी काय काय होते याचा विचार केलेला नसतो.

याहून अवघड गोष्ट पुढेच होती. त्या पाच दिवसांत काही पालकांनी परीक्षेचे शुल्क भरले होते. पूर्वी पावतीपुस्तकात कार्बनची स्थळप्रत राहत असे. संगणक आल्यावर ती बंद झाली होती. ज्यांच्याजवळ छापील पावती होती त्यांचे काम झाले. एका खलाशाची पावती मात्र होडीत भिजून लगदा झाली होती. तो म्हणाला, "भरले." रजिस्टर म्हणाले, "नाही भरले." कचेरीत चर्चा झाली. एकाने विचारले, "पुरावा काय?" प्रश्न कायद्याला धरून होता. पण पुरावा हरवला कोणाच्या ताब्यातून? त्याने पैसे दिले त्या क्षणी ती गोष्ट लक्षात ठेवण्याचे काम त्याने आपल्या हाती सोपवले होते. आपली आठवण गेली म्हणून त्याच्या आठवणीला लबाड म्हणावयाचे, हा कोणता न्याय? त्याचे म्हणणे मानले गेले. मुख्याध्यापकांनी यादीपुढे लिहिले, 'पालकांच्या सांगण्यावरून.' दोन शब्दांची ती नोंद मला फार मोलाची वाटते. तिच्यात विश्वास आहे, आणि हा विश्वास आहे, पुरावा नव्हे, ही कबुलीही आहे.

कोणी म्हणेल, अशाने एखादा खोटाही तरून जाईल. जाईल. पण संशयाचा भार कोणीतरी वाहावयाचाच असेल, तर ज्याच्या हाती प्रत ठेवण्याची साधने होती त्याने तो वाहावा. ज्याच्या हाती फक्त भिजलेला कागद होता त्याने नव्हे. ही दया नव्हे. हे ऋण आहे.

हरवलेले परत कसे आणावे याचा विचार मराठी माणसाने सर्व्हरच्या आधी कित्येक शतके केला आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवरून प्रती होताना पाठ अशुद्ध होत गेले, तेव्हा शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ती शुद्ध केली. नाथ स्वतः समर्थ कवी होते. एखादी ओवी अडली तर तशीच गोड ओवी रचून घालणे त्यांना जड नव्हते. पण त्यांनी उलट बजावले, की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. परत आणणाऱ्याचा पहिला धर्म हाच: रिकामी जागा आपल्या प्रतिभेने भरावयाची नाही.

लीळाचरित्राची कथा दुसऱ्या बाजूची आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडे जाऊन जमवल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ती पोथी नाहीशी झाली, तेव्हा अनुयायांनी ती पाठांतरातून पुन्हा उभी केली. त्यामुळे तिचे निरनिराळे पाठ झाले, आणि ते निरनिराळे म्हणूनच टिकले. जिथे आठवणी जुळत नाहीत तिथे न जुळणे लिहून ठेवणे, हाही प्रामाणिकपणाच.

आणि प्रत आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी अलीकडचा एक दाखला. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या संस्थेत, कामाच्या गडबडीत चालू डेटाबेसच पुसला गेला. राखणीचे पाच मार्ग होते. वेळ आली तेव्हा त्यांतला एकही भरवशाचा निघाला नाही. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणाने घेतलेल्या एका प्रतीने त्यांना तारले. मधले सहा तास गेले ते गेले. त्यांनी मात्र ते लपवले नाही. दुरुस्ती चालू असतानाच सगळे जगापुढे मांडले. न तपासलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे, नुसती आशा.

तपासावे कसे? यंत्र ताळा पाहू शकते. पण नाव बरोबर आहे की नाही हे ज्याचे नाव त्यालाच ठाऊक. 2017 साली महाराष्ट्रात संगणकावर चढवलेले सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखवले गेले, ते याच कारणाने. आम्हीही वर्गावर्गांत रजिस्टर मोठ्याने वाचले. त्या वारली मुलीने हात वर करून सांगितले, "माझ्या बाबांचे नाव ते नाही." तो हात म्हणजे आमचा खरा बॅकअप.

मला एक भीती वाटते. 'परत आणता येते' या सवयीने, ज्याची दुसरी प्रतच नाही त्याबाबतही आपण निष्काळजी होऊ. वाढवणच्या समुद्रात मोठे बंदर उभारण्याची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. ते हवे की नको या वादात मी येथे शिरत नाही. पण ओहोटीला उघडे पडणारे इथले खडक, त्यांच्या कपारीतली मासळी आणि ती कुठे मिळते हे जाणणारी म्हाताऱ्यांची नजर, यांची रविवारची प्रत कोणत्याही माळ्यावर नाही. तिथे चुकले तर 'आधीच्या दिवसावर जा' असे सांगणारा तंत्रज्ञ येणार नाही.

म्हणून मला वाटते, परत आणणे ही यंत्राची करामत कमी आणि माणसांची आपसांतली बोली अधिक आहे. प्रत आपल्याला रविवारपर्यंत आणून सोडते. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत आपणच चालत यावयाचे असते: एकमेकांना विचारीत, ऐकलेले मानीत, न कळलेली जागा कोरी ठेवीत.