चढणाऱ्या गाडीला वाट

पुण्यात सकाळी ऑफिसात पोहोचलेल्या कुणालाही विचारून पाहा, "काय, आज गाडी चालवताना मजा आली का?" तो तुमच्याकडे संशयाने बघेल. तक्रारी मात्र भरपूर ऐकवेल. विद्यापीठ चौकात किती वेळ गेला, सिंहगड रस्त्यावर उलट्या दिशेने कोण आला, कुठल्या रिक्षावाल्याने आडवी घातली. गाडी घेतली तेव्हा याच माणसाने पेढे वाटले होते, हार घालून फोटो काढला होता, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. दोन वर्षांत तीच गाडी रोजची शिक्षा झाली.

दोष कुणाचा, हे आपल्याला तोंडपाठ आहे. रस्त्याचा, महापालिकेचा, सरकारचा आणि आपण सोडून बाकी सगळ्यांचा. त्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल बांधले गेले आणि दोन दशकंही व्हायच्या आत, 2020 मध्ये, पाडले गेले. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात कोकणातल्या मुलांची शाळेची सगळी वर्षं निघून गेली. अशा कारभारावर नागरिकाने संतापलंच पाहिजे. पण हा संताप स्टिअरिंगवर बसून शेजारच्या स्कूटरवाल्यावर काढला जातो, आणि नगरसेवकापुढे आपण नमस्कार करून उभे राहतो. माझं भांडण या सवयीशी आहे. गाडी चालवण्यातला आनंद खड्ड्यांनी आणि गर्दीने कमी केला हे खरं. पण उरलेला आनंद आपण आपल्या हाताने टाकून दिला, आणि आनंद न घेता गाडी चालवणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाला धोका असतो.

हा आनंद म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. चेतक ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, सकाळी ती सुरू झाली नाही की एका अंगावर तिरपी करायची, मग किक मारायची. डाव्या हातातच क्लच आणि गिअर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटचा, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचा, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा. तो अलगद पडायचा नाही, पाडावा लागायचा. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना इंजिन तापलं की बॉनेट उघडून, पाणी ओतून वाट बघायची. हे सगळं फार सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. त्या गाड्यांना सीटबेल्टची सवय नव्हती, ब्रेक आजच्यासारखे नव्हते आणि पावसात वायपरवर भरवसा ठेवता यायचा नाही. ते दिवस परत यावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी भर जुलैत एकदा तशी गाडी कोल्हापूरपर्यंत नेऊन बघावी. पण त्या गाड्या चालवणाऱ्याला जागं ठेवायच्या. इंजिनाचा आवाज जड झाला की गिअर उतरवायचा हे कानाला कळायचं. वळण किती तीव्र आहे ते हाताला कळायचं. गाडी, रस्ता आणि आपण यांच्यात काहीतरी चाललेलं असायचं. त्या चालण्यातच मजा होती, कसबाची मजा. सुताराला रंधा नीट चालला की मिळते तीच.

आजही हे कसब बघायचं असेल तर आंबा घाटातून किंवा करूळच्या घाटातून एसटीने जावं आणि चालकाच्या मागच्या सीटवर बसावं. मुरलेला चालक उतारावर सारखा ब्रेक दाबत नाही. वळणाच्या आधीच गिअर उतरवतो आणि वेग इंजिनाकडून धरून ठेवतो. चढण चढत येणारी गाडी दिसली की अरुंद जागी स्वतः थांबतो, तिला आधी जाऊ देतो. चढणारी गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलणं अवघड, उतरणाऱ्याला थांबणं सोपं. म्हणून ज्याला सोपं आहे त्याने थांबायचं. 1989 च्या रस्ता-नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं होतं, पण घाटातल्या चालकांना ते कायदा वाचून कळलेलं नसतं. वाहतुकीचा याहून न्याय्य नियम मला तरी माहीत नाही. ज्याची अडचण मोठी त्याचा हक्क आधी.

आता दुसरं टोक बघा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार. तिथल्या भीषण अपघातांच्या बातम्या आपण वाचतो आणि 'ब्रेक फेल' या दोन शब्दांवर थांबतो. डिझेल वाचवायला अवजड गाड्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडल्या जातात, हे कारण पोलिसांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. गाडी न्यूट्रल केली की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. ही सवय ट्रकवाल्यांपुरतीच आहे असंही नाही. कितीतरी पांढरपेशे आपल्या कारमध्ये हेच करतात आणि वर ॲव्हरेज किती मिळतं ते सांगतात. गंमत म्हणजे त्यात बचतही नाही. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला मात्र ते लागतंच. आपण काय चालवतो आहोत याचं कुतूहल संपलं की असं होतं. जीवही जातो आणि पेट्रोलही.

कुतूहल संपलं कसं? माझ्या मते घाईने. पंधरा किलोमीटरचा रस्ता आहे आणि सरासरी वेग ताशी 25 किलोमीटर आहे असं धरा. 36 मिनिटं लागतील. तीच सरासरी 30 वर नेली तर 30 मिनिटं. म्हणजे सहा मिनिटं वाचतील, आणि तीही कागदावर. शहरात सरासरी पाचने वाढवायची तर प्रत्येक सिग्नल पिवळ्यावर गाठावा लागतो, प्रत्येक फटीत नाक खुपसावं लागतं, प्रत्येक माणसाला हॉर्न मारावा लागतो. या सहा मिनिटांसाठी तीस मिनिटं युद्धात काढायची, आणि वाचलेली सहा ऑफिसात पोहोचल्यावर चहाच्या टपरीवर ट्रॅफिकला शिव्या देण्यात घालवायची. मोबाईलमधल्या नकाशाने यात भर घातली. तो निघतानाच पोहोचण्याची वेळ सांगतो आणि आपण त्या आकड्याशी शर्यत लावतो. जिंकलो तर कुणी शाबासकी देत नाही, हरलो तर दिवस नासतो.

फोनचा उपद्रव नकाशावर थांबला असता तर बरं झालं असतं. ताशी 50 च्या वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत जवळपास 28 मीटर पुढे जाते. मेसेज कुणाचा एवढंच बघायला तितका वेळ लागतो, आणि तेवढं अंतर ती गाडी कुणीच चालवत नसतं. ज्याचं लक्षच गाडीत नाही त्याला गाडीचा कंटाळा येणार हे उघड आहे. कंटाळा आला म्हणून फोन बघायचा, फोन बघितला म्हणून आणखी कंटाळा.

कसबाची मजा गेली की तिची जागा रिकामी राहत नाही. तिथे जोर येऊन बसतो. रस्त्यावर आपण एक नवी उतरंड उभी केली आहे. सगळ्यात वर मोठी काळी एसयूव्ही, तिच्याखाली कार, मग मोटारसायकल, मग सायकल आणि सगळ्यात तळाशी चालणारा माणूस. खालच्याने वरच्याला वाट द्यायची. जन्मावरून ठरणाऱ्या उतरंडीविरुद्ध या महाराष्ट्रात दीडशे वर्षं लोक लढले, आणि आपण बंपरच्या उंचीवरून ठरणारी नवी उतरंड मुकाट मान्य केली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यांतले जवळपास एक-पंचमांश पादचारी होते आणि 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. म्हणजे मरतात ते बहुतांशी तळाचेच. अतिवेगामुळे झालेले मृत्यू सुमारे 71 टक्के. वेगाचा हा कैफ म्हणजेच ड्रायव्हिंगचा आनंद, असं जाहिराती आपल्याला शिकवतात. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने महागडी परदेशी गाडी भरधाव नेऊन दोन तरुण जीव घेतले. त्याला आधी जामीन मिळाला आणि अटींत 300 शब्दांचा निबंध होता, त्यावर सगळा देश भडकला. भडकणं योग्यच होतं. पण अठरा व्हायच्या आत पोराच्या हातात किल्ली देऊन कौतुकाने व्हिडिओ काढणारे बाप आपल्या सोसायटीतही आहेत, त्यांच्यावर आपण भडकलो का?

या उतरंडीत सभ्यपणाला भित्रेपणा म्हणतात. बाईने थांबून समोरच्याला जाऊ दिलं की मागून कुणीतरी म्हणतो, "बाई चालवतेय." तिने गाडी रिव्हर्स घ्यायला घेतली की चार अनोळखी पुरुष हातवारे करत मार्गदर्शनाला हजर. याच चौघांपैकी एकजण संध्याकाळी झेब्रा पट्ट्यांवर गाडी उभी करून सिग्नल सुटण्याची वाट बघत असतो, आणि त्याला कुणी हातवारे करत नाही.

मग आनंद परत मिळवायचा कसा? उपदेश करणं सोपं आहे, म्हणून मी एकाच गोष्टीचा आग्रह धरतो. हॉर्न सोडा. हॉर्न नियमबाह्य कुठे आणि कायदेशीर कुठे या वादात मला पडायचं नाही. धोका असेल तिथे वाजवाच. पण सवयीने वाजणारा हॉर्न बंद केला की पहिली गोष्ट ही होते, की पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं लागतं. अंतर ठेवलं की पुढचं दिसतं. पुढचं दिसलं की ब्रेक कमी लागतो, गिअरचा अंदाज येतो आणि गाडी झटके न देता चालायला लागते. मागे बसलेल्या आईची मान हिंदकळत नाही. म्हणजे ज्या कसबाबद्दल वर लिहिलं ते आपसूक हाताला येऊ लागतं, आणि त्यासाठी गाडी बदलावी लागत नाही. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी 2020 च्या सुरुवातीला एक मजेदार प्रयोग जाहीर केला होता. सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. लोक हसले, व्हिडिओ पाठवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवायला लागले. मला त्या यंत्राचं म्हणणं अजूनही पटतं. घाई केली की उशीर होतो हे त्याने डोळ्यांसमोर दाखवलं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. रोज दोन तास कोंडीत अडकणाऱ्याला कसबाच्या गोष्टी कसल्या सांगता? बरोबर आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर सरकणाऱ्याला कुठलाच आनंद मिळणार नाही, तो कितीही सज्जन असला तरी. आनंदाला निवड लागते. गाडी काढावी की नाही हे ठरवता आलं तरच ती काढण्यात मजा. आज पुण्याच्या कितीतरी उपनगरांत माणूस गाडी काढतो कारण वेळेवर बस येत नाही, आलेल्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि मेट्रोच्या स्थानकापर्यंत चालत जायला फूटपाथ नसतो. म्हणून मी म्हणेन, ज्याला गाडी चालवायला मनापासून आवडतं त्याने बससाठी सगळ्यात मोठ्याने ओरडलं पाहिजे. भरलेल्या एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं जातात. एकेकट्याने कार काढली तर त्याच माणसांना अख्खा रस्ता पुरत नाही. उड्डाणपूल मागणारे कारवाले स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. पूल झाला की गाड्या वाढतात आणि कोंडी पुढच्या चौकात जाऊन बसते. बससाठी वेगळी मार्गिका मागितली की मात्र आपल्याला आपल्या रस्त्याचा तुकडा गेल्यासारखा वाटतो. मेट्रोने कामावर जाणारा माणूस रविवारी ताम्हिणीच्या रस्त्याने गाडी नेतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते रोज कोंडीतून गाडी ओढणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी दिसायचं नाही.

शेवटचा मुद्दा शिकवण्याचा. दुचाकीचा आठ काढला, चारचाकी पुढे-मागे घेऊन दाखवली की आपल्याकडे चालक तयार होतो. एजंट असेल तर तेवढंही लागत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, ब्रेक, रिव्हर्स शिकवतात. समोरचा माणूस शिकवत नाहीत. माझी सूचना अशी, की घरातल्या मुलाला किंवा मुलीला शिकाऊ लायसन्स मिळालं की स्टिअरिंग हातात देण्याआधी ती पुढे रोज ज्या रस्त्याने गाडी नेणार आहे त्याच रस्त्याने तिला चालत न्यावं, आणि तेही गर्दीच्या वेळी. झेब्रा पट्ट्यांवरून आजीचा हात धरून तिला रस्ता ओलांडू द्यावा. परत येताना बसमध्ये उभं राहून यावं. ड्रायव्हिंग स्कूल यासाठी वेगळी फी मागेल. आईबापांना हे फुकटात करता येतं, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, तासाभरात.