सचोटीची हद्द

लूकच्या शुभवर्तमानात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय भेटतो. येशू त्याच्या घरी उतरतो, आणि जक्कय उभा राहून जे बोलतो ते सगळे पैशांबद्दल आहे. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून काही घेतले असेल त्याला चौपट परत. येशूने हे मागितलेले नव्हते. पण श्रद्धेची परीक्षा व्यवहारात होते, ही शिकवण मोशेच्या नियमशास्त्रापासून चालत आलेली होती: तराजू खरा असावा, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. पुढच्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती माणसांनी या शिकवणीचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक काळाने सचोटीची एक हद्द आखली, आणि मग कोणीतरी ती अपुरी असल्याचे दाखवून दिले.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. मठ म्हणजे जगाकडे पाठ, असे आपण मानतो. पण या नियमावलीत कोठार सांभाळणाऱ्या साधूला बजावले आहे की मठातली अवजारे नि भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांइतक्याच आदराने वापरावीत. मठातल्या कारागिरांचा माल विकताना लबाडी होऊ नये, उलट तो बाहेरच्या भावापेक्षा थोडा स्वस्त द्यावा, असेही त्यात आहे. कुदळीला वेदीवरच्या प्याल्याचा मान देणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. मात्र तिला मठाच्या भिंतींची मर्यादा होती. भिंतीबाहेरचा संसारी माणूस दुय्यम प्रतीचा ख्रिस्ती, ही समजूत मध्ययुगात घट्ट झाली.

1520 मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी त्या समजुतीवर घाव घातला. चांभार, लोहार, शेतकरी यांचे कामही धर्मगुरूच्या कामाइतकेच देवाला वाहिलेले आहे, असे त्यांनी मांडले. पण 1525 मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी वेठ आणि जाचक वसुलीविरुद्ध बंड केले, तेव्हा हेच ल्यूथर सरदारांच्या बाजूने उभे राहिले. शेतकऱ्याचे काम पवित्र ठरले होते; ते कोणत्या अटींवर करून घेतले जाते, हा प्रश्न तसाच राहिला.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती क्वेकर पंथ उभा राहिला. हे लोक न्यायालयातही शपथ घेत नसत. शपथेवर खरे बोलायचे तर एरवी खोटे बोलायची मोकळीक असते का, असा त्यांचा सवाल होता. त्यापायी ते तुरुंगातही गेले. दुकानात ते घासाघीस करत नसत, एकच भाव सांगत. सुरुवातीला गिऱ्हाइके तुटली. पुढे लोकांच्या लक्षात आले की यांच्याकडे लहान मुलाला पाठवले तरी फसवणूक होत नाही, आणि धंदा वाढला. तरीही अमेरिकेत आणि वेस्ट इंडीजमध्ये अशाच सचोटीच्या कित्येक क्वेकर घरांत गुलाम राबत होते. भाव खरा, माप खरे, आणि माल उचलणारा माणूस विकत घेतलेला.

ही विसंगती ज्याला सहन झाली नाही, तो जॉन वूलमन. जन्म 1720, न्यू जर्सी. पेशाने शिंपी आणि दुकानदार. तरुणपणी तो एका दुकानात कामाला असताना मालकाने त्याला एका काळ्या स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितले. घेणारा वृद्ध क्वेकरच होता. वूलमनने कागद लिहिला, पण हे ख्रिस्ती धर्माला धरून नाही, असे दोघांना तोंडावर सांगितले. पुढे त्याने असे कागद लिहायचे बंद केले. गुलामांची वाटणी असलेले मृत्युपत्र आले, तर तेही तो नाकारायचा. दुकान फार वाढू लागले तेव्हा त्याने ते आवरले, कारण मोठ्या धंद्यात मन अडकते असे त्याला वाटे. गुलामांच्या श्रमातून आलेली साखर त्याने सोडली. गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी पाहुणचार घेतला, तर सेवा करणाऱ्या गुलामांसाठी पैसे ठेवून निघे. वर्षानुवर्षे तो आपल्याच पंथातल्या मालकांच्या दारी जाऊन, न ओरडता, न हटता बोलत राहिला. 1772 मध्ये तो इंग्लंडमधल्या यॉर्क इथे देवीच्या आजाराने वारला, आणि 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने सदस्यांना गुलाम बाळगण्याची मनाई केली. मी लबाडी केली नाही, एवढे म्हणून वूलमन थांबला नाही. माझ्या हातात आलेल्या वस्तूत कोणाचे दुःख आहे, इथपर्यंत त्याने सचोटीची हद्द नेली.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी ती आणखी एका अवघड दिशेने वाढवली. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला; पण दीक्षा देणाऱ्यांपुढेही आपली बुद्धी त्यांनी गहाण टाकली नाही. तिथल्या जोगिणींशी त्यांचा धर्ममतांवरून झालेला स्पष्ट पत्रव्यवहार आजही वाचता येतो. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचलेल्या मुली कामे शिकल्या, पुढे छापखानाही चालवू लागल्या. आणि 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याच्या इस्पितळात नि छावणीत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी मुंबईच्या ‘बाँबे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे, पत्र ख्रिस्ती वृत्तपत्रात. स्वकीयांचा समाज आधीच दुरावलेला असताना ज्यांचा आधार उरला, त्यांच्यावरच बोट ठेवायला केवढे धैर्य लागले असेल!

वूलमनने सोडलेल्या साखरेचा प्रश्न महाराष्ट्रात तर दारातच उभा आहे. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या साखरपट्ट्यात जुन्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत, आणि नाताळ नेमका गळीत हंगामाच्या भरात येतो. तेव्हा बीडकडून ऊस तोडायला आलेली जोडपी, एकेक ‘कोयता’ म्हणून मोजलेली, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडत फडात असतात. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. या तोडकऱ्यांची कोपी, म्हणजे झोपडी, मंडळीच्या हद्दीत असेल, तर ती माणसे मंडळीच्या काळजीतली आहेत, असे मी मानतो. नाताळात त्यांना घोंगडी नि फराळ वाटणे चांगलेच. पण आपल्या मंडळ्यांत उसाचे मालक, कारखान्यातले कर्मचारी, कधी मुकादमही असतात. उपासनेनंतर त्यांना बाजूला घेऊन विचारता येईल: उचलीवर किती कापले, खाडा किती लावला, बाळंतिणीला सुट्टी दिली का. आणि हेच प्रश्न आपल्या शाळांत नि दवाखान्यांत कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या बायकांच्या पगाराबद्दल, मंडळीच्या पंच कमिटीच्या बैठकीत, नोंदवहीत उत्तर लिहून घेऊन विचारायला हवेत.