पाण्याखालचा लाल रंग

काही काळापूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी एकाच माशाची दोन छायाचित्रे घेऊन भेटायला आली. तारकर्लीला तिने स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक शिक्षण घेतले होते आणि पुढे अंदमानातील स्वराज द्वीपाजवळ (पूर्वीचे हॅवलॉक) पाण्याखाली छायाचित्रण शिकायला सुरुवात केली होती. मासा होता मोठ्या डोळ्यांचा, दिवसभर खडकाच्या कपारीत राहून रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडणाऱ्या जातीचा. पाण्याची खोली अठरा मीटर. पहिल्या चित्रात तो निळसर करडा, कपारीच्या अंधारात जवळजवळ विरून गेलेला दिसत होता. दुसऱ्यात तोच मासा कुंकवासारखा लालभडक. दुसरे चित्र फ्लॅश वापरून काढलेले होते, एवढाच काय तो फरक. ‘‘सर, यातलं खरं कोणतं?’’ तिने विचारले. मला पोहताही येत नाही. पण प्रश्न पोहण्याचा नव्हता, आणि त्याने पुढे बरेच दिवस माझी पाठ सोडली नाही.

या प्रश्नाची भौतिक बाजू सोपी आहे. सूर्यप्रकाशातले सर्व रंग पाण्यात सारख्या खोलीपर्यंत उतरत नाहीत. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच क्षीण होतो, मग नारिंगी, मग पिवळा; स्वच्छ समुद्रात निळा सर्वांत खोल जातो. वीस-तीस मीटरांवर बोटाला जखम झाली तर रक्तही हिरवट दिसते असे पाणबुडे सांगतात. म्हणून नवशिक्याची पहिली चित्रे हमखास निळी आणि निस्तेज येतात, आणि त्याला पहिला धडा मिळतो तो जवळ जाण्याचा : वस्तू आणि भिंग यांच्यामध्ये जितके पाणी कमी तितका रंग अधिक. दुसरा धडा असा की आपला प्रकाश आपण न्यावा, पण तो भिंगाला लागून समोर टाकू नये, बाजूने टाकावा; नाहीतर पाण्यात तरंगणारे कण उजळून चित्रात हिमवर्षाव होतो. शिवाय मुखवट्याच्या सपाट काचेतून पाहताना सर्व काही सुमारे पाव अंतराने जवळ आणि एकतृतीयांशाने मोठे भासते. ज्याला आपण ‘आहे तसे पाहणे’ म्हणतो ते पाण्याखाली पहिल्या क्षणापासूनच सुटलेले असते.

ही अडचण कलेच्या आरंभापासूनची आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स-सुर-मेर येथे लुई बूतान या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली पाण्याखाली छायाचित्रे काढली तेव्हा त्याला रंगाची चिंता नव्हती, प्रकाशाचीच होती. मॅग्नेशियम जाळून उजेड पाडण्याचे प्रयोग त्याने केले. समुद्रातल्या माशांची पहिली रंगीत छायाचित्रे १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगले आणि चार्ल्स मार्टिन यांनी घेतली, आणि त्यांनीही मॅग्नेशियमची भुकटी तराफ्यावर पेटवली. समुद्राचा रंग पाहायचा तर समुद्राबाहेरची आग तेथे न्यावी लागली. आपल्या नैयायिकांना हे ऐकून समाधान वाटले असते. चक्षुरिंद्रिय तैजस आहे, त्याचा किरण विषयापर्यंत जाऊन पोहोचतो आणि मगच ज्ञान होते, असे त्यांचे मत. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांतली चमक हा त्यांचा एक पुरावा. दृष्टीचे शास्त्र म्हणून हे मत टिकले नाही. फ्लॅश लावलेल्या कॅमेऱ्याचे वर्णन म्हणून मात्र ते नेमके आहे. आणि त्यातून निघणारी एक गोष्ट आपण सहसा विसरतो : जो किरण विषयाला जाऊन भिडतो तो विषयाला जसा होता तसा राहू देईलच असे नाही.

माझे पहिले उत्तर वेदान्ताच्या वळणाचे होते. स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो. ती लाली स्फटिकाची नव्हे, जास्वंद ही उपाधी. इथे उलट घडले आहे एवढेच. मासा स्वभावतः लाल, पाणी ही उपाधी, तिच्यामुळे तो करडा भासतो. फ्लॅशने उपाधी दूर केली आणि स्वरूप प्रकटले. उत्तर नीटनेटके होते. आज याच विचाराला यंत्राचेही बळ मिळाले आहे. डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्राइबित्झ यांनी २०१९ साली ‘सी-थ्रू’ नावाची गणनपद्धती मांडली. वस्तू किती दूर आहे हे लक्षात घेऊन, पाण्याने रंगावर केलेला परिणाम तीत हिशेबाने काढून टाकला जातो, आणि प्रवाळ जणू हवेत ठेवल्यासारखे दिसते. शास्त्रज्ञाला प्रवाळांच्या जाती मोजायच्या असतील, त्यांचे आजारपण ओळखायचे असेल, तर या साधनाचे मोल मोठे आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती माझ्याच उत्तराविषयी. जास्वंद स्फटिकाबाहेरची आहे. ती उचलून नेली तरी स्फटिकाचे काही बिघडत नाही. पाणी माशाच्या बाहेरचे आहे असे कोणत्या अर्थाने म्हणायचे? तो त्यातच जन्मला, त्यातच श्वास घेतो, आणि त्याची लालीही त्या पाण्याच्या हिशेबानेच त्याला उपयोगी पडते. जेथे लाल प्रकाश जवळजवळ पोहोचतच नाही तेथे लाल अंग म्हणजे काळोखाचे अंग. ज्याला आपण त्याचे ‘स्वरूप’ म्हणून उजळवले ते त्याच्या लेखी दडण्याचे वस्त्र होते. लाल चित्र खोटे नाही. माशाच्या त्वचेविषयी ते खरेच बोलते. पण माशाच्या जगण्याविषयी करडे चित्र अधिक बोलते. साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच परिचयाचा वाटावा. कवितेवर बाहेरचा झोत टाकून तिचा ‘खरा अर्थ’ उघड करताना, तिने तो का झाकला होता हे विचारायचे आम्ही समीक्षक अनेकदा विसरलो आहोत. असो.

येथवर प्रश्न सत्याचा होता. त्याला लागूनच दुसरा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. झाक इव्ह कूस्तो आणि लुई माल यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. समुद्राच्या अंतरंगाविषयी जगभर प्रेम निर्माण करण्यात त्याचा वाटा मोठा. त्याच चित्रपटात माशांची गणना करण्यासाठी प्रवाळभित्ती सुरुंगाने उडवली जाते, आणि शार्क मासे मारले जातात. ते लपवून केलेले नाही, पडद्यावर दाखवलेले आहे. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा कोणाला फारसे वाटले नसावे. आजचा नवशिका सुरुंग लावत नाही. पण अडीच सेंटिमीटरांहूनही लहान असलेला, समुद्रपंख्याच्या फांदीला शेपटी गुंडाळून बसलेला खुजा समुद्रघोडा कॅमेऱ्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा त्याला काडीने हलकेच वळवण्याचा मोह काहींना आवरत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुद्रतळाशी राहणाऱ्या माशांवर फ्लॅशचा परिणाम तपासला गेला. केवळ माणसाच्या जवळ येण्याने जेवढा परिणाम होतो त्यापेक्षा फ्लॅशने वेगळे काही बिघडल्याचे दिसले नाही. हाताळण्याने मात्र मासे सर्वाधिक विचलित झाले. म्हणजे ज्या प्रकाशावर मी इतका वेळ संशय घेत होतो तो तुलनेने निरुपद्रवी निघाला, आणि दोष हाताकडे गेला. सत्याचा अपराध आणि इजेचा अपराध एकाच ठिकाणी सापडेल ही माझी अपेक्षाच चुकीची होती.

जाणते प्रशिक्षक नवशिक्याच्या हाती आधी कॅमेरा देत नाहीत, त्याचे कारण येथे कळते. आधी त्याने पाण्यात एका जागी, न बुडता न तरंगता, कशालाही न धरता स्थिर राहायला शिकावे. श्वास घेतला की शरीर किंचित वर जाते, सोडला की खाली येते. एवढ्यावर सारा तोल. ज्याला हे साधत नाही तो चित्राच्या नादात प्रवाळावर गुडघा टेकतो किंवा पायातल्या वल्ह्याने त्याची फांदी मोडतो, आणि ती फांदी पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. हे केवळ कौशल्य नव्हे. पाहणाऱ्याने आपले वजन पाहिल्या जाणाऱ्यावर टाकू नये, ही अट येथे शब्दशः शरीराला घातलेली असते.

विद्यार्थिनी पुन्हा आली तेव्हा मी तिला हे सारे सांगितले आणि सुचवले, की दोन्ही चित्रे शेजारी लाव, आणि प्रत्येकाखाली खोली, अंतर व प्रकाश कोणाचा हे लिही. उपाधी उघड सांगितली म्हणजे दोघांपैकी कोणालाच खोटे बोलावे लागणार नाही. तिला ते पटले. वही काढून ती लिहूही लागली : अठरा मीटर, अर्धा मीटर, स्वतःचा फ्लॅश. मग थांबली. तिसऱ्यांदा फ्लॅश उडाल्यावर मासा कपारीत आत, जेथे तिला तो दिसेनासा झाला तेथे, निघून गेला होता. फ्लॅशमुळे की ती फार जवळ गेल्यामुळे, हे तिला सांगता येईना. ‘‘हे कुठं लिहायचं, सर?’’ तिने विचारले. आम्ही दोघे बराच वेळ त्या लाल चित्राकडे पाहत बसलो.