आतून येणारा फोन

ट्रली गावात न्यायालय आहे, पण तुरुंग नाही. आयर्लंडच्या नैऋत्येला केरी परगण्याचं हे मुख्य गाव, वस्ती २६ हजारांच्या घरात. इथल्या न्यायालयात कोणाला कोठडी झाली किंवा शिक्षा लागली की त्याची रवानगी सहसा लिमरिकला नाहीतर कॉर्कला होते. दोन्ही शहरं शंभर किलोमीटरच्या आगेमागे. कॉर्कला रेल्वेने जायचं तर बहुतेक वेळा मॅलो स्टेशनवर गाडी बदलावी लागते. भेटीची वेळ आधी ठरवून घ्यायची, कामावर रजा मागायची, लहान मूल असेल तर त्याची शाळा बुडवायची, आणि एवढं करून हाती येणार अर्धा तास. त्यामुळे ट्रलीतल्या आईचा, बायकोचा, लेकराचा आत असलेल्या माणसाशी रोजचा म्हणून जो संबंध उरतो, तो फोनवरचाच.

या फोनची एक रीत आहे. कैदी आपल्या माणसांचे नंबर लिहून देतो. ते नंबर तपासले जातात, पलीकडच्या माणसाला हे फोन नको असतील तर नंबर मंजूर होत नाही. एका फोनला साधारण सहा मिनिटं. वकिलाशी होणारं बोलणं सोडलं तर बाकीचं बोलणं ऐकलं जाऊ शकतं, नोंदवलं जाऊ शकतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. २०२० मध्ये कोविडमुळे भेटी बंद झाल्या, तेव्हा आयर्लंडने व्हिडिओवरच्या भेटी सुरू केल्या आणि त्याच काळात कोठड्यांमध्येच फोन बसवायला घेतले. आपल्याकडे येरवड्याला २०२३ पासून स्मार्ट कार्डावरचे फोन आले. त्याआधी कॉइन बॉक्स होता, नाणी जमवून रांगेत उभं राहावं लागे. नव्या व्यवस्थेतही एका फोनला वेळ मिळतो तो सहा मिनिटांचाच. इतक्या दूरच्या दोन देशांत आई आणि मुलाच्या वाट्याला आलेली वेळ तेवढीच आहे.

हा फोन फक्त आतून बाहेर येतो. बाहेरच्याला कितीही तळमळ लागली तरी तुरुंगाचा नंबर लावून ‘जरा माझ्या मुलाला बोलवा’ म्हणता येत नाही. म्हणून जिच्या घरचं माणूस आत आहे, ती बाई फोन नजरेआड होऊ देत नाही. आंघोळीला जाताना तो दाराबाहेर स्टुलावर ठेवते. चार्जिंग उतरायला लागलं की तिचा जीव खालीवर होतो. दुकानात रांगेत असताना फोन वाजला तर हातातलं सामान तिथेच टाकून ती बाहेर धावते. एकदा चुकला तर चुकला. उलट लावायची सोय नाही. आणि आत त्या माणसाला वाटत राहतं, घरच्यांनी मुद्दामच उचलला नाही.

मग ती सहा मिनिटं. ‘कसा आहेस?’ ‘बरा आहे.’ ‘जेवलास का?’ ‘हो.’ यात एक मिनिट गेलं. वकील काय म्हणाला, पुढची तारीख कधीची, खात्यावर पैसे पोचले का, यात दोन गेली. मग लेकराच्या हातात फोन. लहान मूल फोनवर बोलत नाही, मान हलवतं. आई मागून म्हणते, ‘अरे, बोल ना, बाबा आहेत.’ बाबांना हललेली मान दिसत नाही. ते पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत राहतात. तोवर पाच मिनिटं संपलेली असतात. जे सांगायचं म्हणून आठवडाभर मनात घोळवलं, ते ओठांवर येतं आणि लाइन तुटते.

या घाईतून शहाणपण शिकलेली माणसं फोनजवळ एक कागद ठेवतात. दिवसभरात जे आठवेल ते त्यावर टिपायचं. त्यात वकिलाचे निरोप असतातच, पण त्याहून अधिक असतात त्या बारीकसारीक गोष्टी. आज पाऊस लागला. शेजारच्या वहिनींना मुलगी झाली. गॅसची शेगडी बदलली. मोठीला सायन्सला घालू की कॉमर्सला, तुला काय वाटतं? यातला शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. आत माणसाला उठायचं कधी, जेवायचं कधी, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसरा कोणीतरी सांगत असतो. त्याचं मत विचारणारं जगात एकच ठिकाण उरतं, त्याचं घर. मुलीच्या कॉलेजाविषयी त्याला विचारलं की तेवढ्यापुरता तो पुन्हा बाप होतो. तुरुंगाला माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. बापपण काढून घ्यायचा अधिकार कोणीही दिलेला नाही.

मायेच्या पलीकडेही या फोनला एक अर्थ आहे, आणि तो ट्रलीइतका कोणत्या गावाला कळावा? १९२३ च्या मार्चमध्ये आयर्लंडात यादवी युद्ध चालू होतं. ट्रलीच्या बॅलीम्युलन बराकीत कैदेत असलेल्या नऊ जणांना सरकारी सैनिकांनी जवळच्या बॅलीसीडीला नेलं, एकत्र बांधलं आणि सुरुंग उडवून दिला. आठ जण जागीच गेले. नववा, स्टीफन फुलर, स्फोटाने दूर फेकला गेला आणि जिवंत राहिला. सैन्याचा समज असा की सगळे मेले, म्हणून शवपेट्या नऊ भरल्या गेल्या. बराकीच्या दाराशी नातेवाइकांनी त्या पेट्या उघडल्या, तर आत आपलं माणूस ओळखू येईना. सरकारी खुलासा होता की कैदी रस्त्यावरचा अडथळा दूर करत असताना बंडखोरांच्याच सुरुंगाला बळी पडले. फुलर वाचला नसता तर तोच खुलासा इतिहास होऊन बसला असता. आत काय चाललं आहे हे बाहेर कळायला मार्ग नसला की काय होऊ शकतं, ते त्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी पाहिलं. तेव्हापासून काळ बदलला, आयर्लंडही बदलला. पण आपल्या माणसाचा आवाज ठरल्या वेळी कानावर पडणं, तो थकलेला आहे की घाबरलेला आहे हे आईला स्वरावरून कळणं, ही आजही बंद दाराआडच्या माणसाची मोठी राखण आहे.

आपल्या मराठी माणसांना हे ओळखायला शंभर वर्षं मागे जायची गरज नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी पाकिस्तानच्या कैदेत असलेल्या कुलभूषण जाधवांची आई आणि पत्नी त्यांना भेटायला इस्लामाबादला गेल्या. मधे काच होती. बोलणं इंटरकॉमवरून. मुलाला पाकिस्तानातल्या लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा दिलेली, आणि आई समोर बसून त्याला हात लावू शकत नव्हती. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की आईला मातृभाषेतून बोलू दिलं गेलं नाही, ती बोलू लागली की वारंवार अडवलं गेलं. मंगळसूत्र, बांगड्या, कुंकूसुद्धा काढायला लावलं होतं. पुढे १७ जुलै २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की पाकिस्तानने जाधवांना भारतीय वकिलातीशी संपर्क करू न देऊन १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला. मला त्या निकालाचं महत्त्व मोठं वाटतं, पण त्याहून मनात रुतून बसली आहे ती काचेपुढे अडवली गेलेली आई. दुभाष्यासारखं जपून, परक्या भाषेत, आई मुलाला काय विचारणार? ‘जेवलास का रे’ हे तिने आयुष्यभर एकाच भाषेत विचारलेलं असतं.

परदेशी राहणाऱ्या मराठी घरांनी तो व्हिएन्ना करार लक्षात ठेवावा. दुसऱ्या देशात अटक झाली तर आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा, असं सांगण्याचा हक्क त्या माणसाला आहे, आणि हा हक्क आहे हे त्याला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ट्रलीच्या इस्पितळात, कॉलेजात, हॉटेलांत आज कितीतरी भारतीय माणसं आहेत. कोणावर कधी काय वेळ येईल सांगता येत नाही. दारू पिऊन चालवलेली गाडी, भांडणात उचललेला हात, भलत्याच्या खात्यात फिरवलेले पैसे, एवढ्यावरून आयुष्य एका रात्रीत उलटतं.

कैद्याचे एवढे लाड कशाला, असं विचारणारे असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांना वागवण्याचे किमान नियम नव्याने मंजूर केले आणि त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. घरच्यांशी ठरावीक काळाने पत्राने, फोनने, भेटीने संपर्क ठेवू द्यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. यात समाजाचाही लाभ आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने २०११ मध्ये, सुटलेल्या १६ हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत असताना ज्यांना भेटायला कोणी येत होतं, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी होती. तो अभ्यास भेटींचा होता, पण भेटीला कोण येतं? ज्याच्याशी बोलणं तुटलेलं नाही तोच. आणि बोलणं टिकवायला पैसेही पडतात. त्याच देशात मार्था राइट नावाच्या एका आजीने तुरुंगातल्या नातवाच्या फोनची बिलं परवडेनात म्हणून २००० साली न्यायालयात दाद मागितली. त्या २०१५ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाने फोनच्या दरांना आळा घालणारा कायदा झाला तो २०२३ च्या जानेवारीत. नातवाशी बोलता यावं एवढंच त्या आजीचं मागणं होतं, त्यातून लाखो घरांना वाट मिळाली.

आपल्याकडे मात्र अडचण पैशांच्या आधी लाजेची येते. घरातलं कोणी आत गेलं की आपण त्याचं नाव घेणं बंद करतो. पोरांना सांगतो, बाबा बाहेरगावी गेलेत. लग्नाच्या यादीतून, फोटोतून, बोलण्यातून त्याला पुसून टाकतो. ‘आमच्या दृष्टीने तो मेला’ असं म्हणणारे बाप मराठी घरांत आजही आहेत. २०२२ अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यांतले जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून शाबितच झालेला नव्हता. न्यायालयाने निकाल द्यायच्या आत घराने निकाल देऊन टाकायचा, हा कुठला न्याय? आणि ज्याचा गुन्हा शाबित झाला, त्याला शिक्षा द्यायला न्यायालय आहे. घराने वरून आणखी एक शिक्षा द्यायचं कारण नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. भिंतींच्या आत माणसाला सगळ्यात आधी कोण आठवतं, त्याचं उत्तर मराठी घरांत कपाटात ठेवलेलं आहे.

एक गोष्ट इथे स्वच्छ सांगितली पाहिजे. आत असलेल्या माणसाने ज्या बाईला मारलं, ज्या मुलाला इजा केली, त्यांनी त्याचा फोन घ्यावा असं कोणीही म्हणू नये. नंबर मंजूर करण्याआधी पलीकडच्याची इच्छा बघतात ती त्यासाठीच, आणि त्यांचा नकार शेवटचा मानावा. पण बाकीच्यांनी, म्हणजे आईने, भावाने, मित्राने, फोन घेतला म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घातलं असं होत नाही. ‘तू केलंस ते वाईट केलंस’ हे सांगायलाही फोन उचलावा लागतो. आणि हे वाक्य मानेल तर तो घरच्या माणसाकडूनच मानेल.

तेव्हा कोणाच्या घरचं माणूस आज आत असेल, ट्रलीत राहत असा की तासगावात, एवढं करा. तुमचा नंबर त्याच्या यादीत घालायला सांगा आणि तो नंबर बदलू नका. तो सहसा कधी फोन करतो ती वेळ मोकळी ठेवा. मुलांना त्यांच्या वयाला पेलेल तेवढं खरं सांगा, म्हणजे फोन आल्यावर त्यांना खोटं बोलावं लागणार नाही. बोलताना आपल्या भाषेत, घरच्या गोष्टी बोला. तुमच्या शेजारी असं घर असेल तर चौकशीच्या नावाखाली खोदू नका. त्या बाईचं मूल तासभर सांभाळा, म्हणजे तिला भेटीला जाता येईल. शिक्षा कधी ना कधी संपते आणि माणूस दाराबाहेर येतो. तो कोणाकडे जाणार, हे आज आपण फोन उचलतो की नाही यावर ठरतं. म्हणून फोन उचला.